ढगूमावशीचा सुधारित अंदाज

ढगूमावशीचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपटावर होतं, बाकी कुठेच नव्हतं. बंदरावरचे मच्छीमार तिला ढगूमावशी म्हणत, रेडिओवरचा निवेदक ढगूमावशी म्हणे, आणि घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणे. चिडला की नुसतं "ढगे!" म्हणून ओरडे, आणि तीही मुकाट्यानं ओ देई.

नोकरी हवामान कचेरीत. कचेरी कसली, छोट्या विमानतळाच्या कडेला दोन खोल्या. एकीत टेबल, टेलिफोन आणि आकडे ओकणारं एक यंत्र, दुसरीत चहाची किटली आणि ओल्या छत्र्या. तिथं बसून मावशी रोज सकाळी तीन अंदाज लिहायची. एक जमिनीचा, एक विमानांचा, एक किनाऱ्यालगतच्या समुद्राचा. तिन्ही कागद सात वाजता बाहेर पडत आणि रेडिओवर वाचले जात, मग अख्खा किनारा त्याबरहुकूम हलायचा. कुणी कपडे वाळत घालायचं, कुणी होडी सोडायचं, कुणी काहीच न करता पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचं.

आता गंमत ऐका. एकोणतीस वर्षं विमानांना हवामान सांगणारी ही बाई स्वतः एकदाही विमानात बसली नव्हती! घाबरट होती म्हणून नव्हे हो. नियम असा की विमान वर असेतो अंदाज लिहिणाऱ्यानं टेबल सोडायचं नाही. आणि तिच्या पाळीला उडणारं विमान एकच, समोरच्या बेटांवर टपाल नेणारं, दोन खुर्च्यांचं. ते उडालं की ही टेबलाला खिळली. ढग ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण सगळे ढग तिनं खालूनच पाहिलेले.

पानगळ संपत आली होती. मावशीचा नोकरीतला शेवटचा दिवस उजाडला, आणि टपालाच्या विमानाचाही तो शेवटचाच दिवस होता. उद्यापासून टपाल बोटीनं जाणार होतं आणि विमान कायमचं दूर कुठे तरी. वैमानिकानं आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, शेवटच्या फेरीला बाजूची खुर्ची तुमची. पण दहाच्या आत निघायला हवं. बेटावर उतरायची वाळू दुपारी भरतीच्या पाण्याखाली जाते." दुसऱ्या पाळीची सहकारी आज सकाळीच टेबल सांभाळायला येणार होती. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. आज नाही तर कधीच नाही.

पहाटे मावशीच्या अंगात वारं शिरलं होतं. डाव्या पायात नवऱ्याचा मोजा, उजव्या पायात स्वतःचा. केस दोनदा विंचरले, दोन्ही वेळा एकाच बाजूनं. नवरा अंथरुणातूनच हसायला लागला.

"अगं, विमानात बसायला चाललीयेस की पळून जायला?"

"अहो, तुम्हाला काय कळणार! मी आज ढग वरून बघणार आहे, वरून!"

"वरून बघ नाही तर खालून, डबा घेऊन जा."

डबा राहिलाच.

कचेरीत आली तर बाहेर धुकं असं दाट की धावपट्टीच्या कडेचा दिवासुद्धा दिसेना. मावशीनं यंत्रातले आकडे काढले. रात्रभर आकाश मोकळं, जमीन ओली, वारा पडलेला. पण आठच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटणार होता, आणि तो सुटला की हे धुकं नऊपर्यंत टिकणं शक्य नव्हतं. एकोणतीस वर्षांचा हात होता. तिनं लिहिलं, धुकं नऊ वाजता विरेल.

लिहिलं आणि पेन थांबलं. ढगे, तिनं स्वतःला विचारलं, नऊ लिहिलंस ते आकड्यांवरून की खुर्चीवरून? विमानात बसायला जीव टाकतेयस म्हणून तर धुकं लवकर पळवत नाहीस ना? वैमानिक तिच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस. तिनं नऊ खोडून दहा केले. दहा वाचले आणि वाटलं, नाही, अजूनही माझ्याच सोयीचं दिसतंय, नेमकं निघायच्या वेळेवर बेतल्यासारखं. तेव्हा तिनं दहा खोडले आणि ठळक अकरा लिहिले. जमिनीला अकरा, विमानांना अकरा, समुद्रालाही अकरा. म्हणजे खुर्ची गेली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण मान ताठ. आपण मोहात पडलो नाही याचा तिला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! तिन्ही कागद पाठवून तिनं एकटीनं दोन कप चहा प्यायला.

आठला वारा सुटला. साडेआठला धावपट्टीचा दिवा दिसला. पावणेनऊला ऊन असं लख्ख पडलं की टेबलावरची धूळ चमकायला लागली. दुसऱ्या पाळीची सहकारी डोळ्यांवर हात धरतच आत आली.

"मावशी, धुकं कुठाय?"

मावशीनं तडक वैमानिकाला टेलिफोन लावला. "अरे, खिडकीतून बघ! आकाश कसं निळंशार झालंय! निघायचं ना?"

पलीकडून वैमानिकाची जांभई ऐकू आली. "मी बूट काढून बसलोय, मावशी. कागदावर अकरा आहे. टपाल बोटीकडे देतोय."

"अरे, पण खिडकी..."

"मी कागदावर उडतो, खिडकीवर नाही. तुम्हीच शिकवलंत. मागे खिडकी बघून निघालो होतो तेव्हा तुम्ही मला आठवडाभर फाडून खाल्लं होतं."

हे मात्र खरं होतं. मावशीनं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"मग सुधारित अंदाज काढा," सहकारी सहज म्हणाली.

सहज! एकोणतीस वर्षांत मावशीनं सुधारित अंदाज काढला होता फक्त चार वेळा, आणि चारही वेळा दोन-दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. शिवाय त्या कागदावर कारण लिहावं लागे आणि रेडिओवर कारणासकट सगळं वाचलं जाई. शेवटच्या दिवशी सगळ्या किनाऱ्यासमोर नाक कापून घ्यायचं? त्यापेक्षा खुर्ची गेली तरी चालेल, असं म्हणून ती तोंड पाडून बसली.

"बसा," सहकारी म्हणाली. ती बोलायला फटकळ होती. "तुम्ही बसा, आणि तिकडे बंदरात पन्नास होड्याही बसू देत. तुमच्या अकराच्या नावानं सगळे दोर बांधून जांभया देतायत. एवढं चांगलं पाणी आणि सकाळ फुकट!"

मावशी ताडकन उठली. होड्या! होड्यांचा तर तिनं विचारच केला नव्हता. आपल्या मनाला चाप लावायच्या नादात तिनं भल्या माणसांची अख्खी सकाळ बांधून ठेवली होती. प्रामाणिकपणा म्हणून मिरवला तो चक्क खोटा अंदाज होता. आकडे नऊ म्हणत होते आणि तिला ते ठाऊक होतं. तिला भयंकर लाज वाटली, आणि गंमत म्हणजे लाज वाटल्याबरोबर हसूही फुटलं.

"आण तो कागद," ती म्हणाली. "अगं, लवकर आण!"

धुकं विरलं. लांबवरचं स्वच्छ दिसतंय. समुद्र शांत, होड्यांनी खुशाल निघावं. इथपर्यंत पेन सरसर धावलं. मग कारण आलं. मावशीनं एक मोठा श्वास घेतला आणि लिहिलं, "यंत्र बरोबर होतं. अंदाज लिहिणारीला विमानात बसायची फार इच्छा होती. ती इच्छा अंदाजात उतरेल या भीतीनं तिनं दोन तास धुकं जास्तीचं लिहिलं. चूक तिची."

सहकारीनं वाचलं. "हे असंच पाठवू?"

"असंच पाठव. एक अक्षर बदललंस तर बघ!"

नऊ वाजून वीस मिनिटांनी निवेदकानं कागद वाचायला घेतला. सरकारी आवाजात "अंदाज लिहिणारीला" पर्यंत नीट गेला, "फार इच्छा" वर अडखळला, आणि "चूक तिची" म्हणताना त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. मग बंदरातून एक भोंगा वाजला. लगेच दुसरा. बघता बघता सगळ्या होड्या भोंगे वाजवत सुटल्या. चिडून वाजवतायत की हसून, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात टेलिफोन खणाणला.

"कागद मिळाला," वैमानिक म्हणाला. "बूट घालतोय, टपालही अजून इथंच आहे. तुम्ही अजून तिथंच?"

मावशी धावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दोन रंगांचे मोजे, ओल्या गवतातून वेडीवाकडी धावली आणि वाटेत एक चप्पल मागेच राहिली. "राहू दे!" ती स्वतःलाच ओरडून सांगत होती, "राहू दे गं ती!"

विमान खडखडत सुटलं, एकदा उसळलं, दुसऱ्यांदा उसळलं आणि तिसऱ्यांदा खाली आलंच नाही. मावशीनं वैमानिकाचा दंड असा घट्ट धरला की तो कळवळला. जमीन खाली गेली. किनारा गेला. होड्या रांगेनं बाहेर पडताना दिसल्या. आणि पुढे दूर समुद्रावर तरंगणाऱ्या ढगांच्या एका थराला भोक पाडून ते वर आले तेव्हा सगळीकडे नुसता पांढरा शुभ्र पसारा होता, उन्हात भिजलेला.

वैमानिकानं रेडिओचा माइक तिच्या हातात दिला. वरचं हवामान वैमानिकानं कचेरीला कळवायचं असतं. तिनं आजवर हजारो वेळा ते लिहून घेतलं होतं.

"आज तुम्ही सांगा."

"कचेरी बोलतेय," सहकारीचा आवाज आला. "ढगांचा माथा किती उंचीवर? सांगा."

मावशीनं तोंड उघडलं. आकड्याऐवजी एकदम रडू आलं, रडता रडता खो खो हसू आलं.

"मावशी? आकडा सांगा, आकडा!"

"अगं, आकडा कसला मागतेस," मावशी म्हणाली, "मी इथं आहे! मी वर आहे गं!"

पलीकडे सहकारी नाक पुसत म्हणाली, "बरं. तेच लिहिते." वैमानिकानं घड्याळाकडे पाहिलं, वाळू पाण्याखाली जायला अजून वेळ होता, आणि मावशीला न विचारताच त्यानं ढगांवरून एक मोठा वळसा जास्तीचा घेतला.