आठशेचा चढ

पोलादपूरहून उमरठला जायला त्या दिवशी एकच गाडी मिळाली, जुनी पांढरी आठशे. कंपनीनं ही छोटी गाडी बनवायची कधीच सोडली, पण ते या ड्रायव्हरला मान्य नसावं. साठीचा माणूस, गळ्यात टॉवेल. गियर टाकण्याआधी बैलाच्या पाठीवर मारावी तशी डॅशबोर्डवर थाप मारायचा. आत त्याला धरून सहा माणसं आणि एक बोकड.

मोठा चढ आला तसे चौघे न सांगता उतरले आणि चालू लागले. मी बसूनच. त्यानं आरशातून पाहिलं.

"उतरा, पाव्हणं. तिचं वय झालंय."

मी उतरलो. बोकड सरकून माझ्या जागेवर बसला. माझं डोकंच फिरलं.

"मग याला का नाही उतरवत?"

"त्यो उतरला तर परत बसायचा नाय. तुमी शाने, तुमी बसाल."

चढ संपल्यावर मी धापा टाकत खरंच बसलो, बोकडाच्या खुरांशी.

गेल्या महिन्यात त्याच चढाला माझी नवी कोरी गाडी नेली. ती सरसर वर निघाली, तरी माझा हात दाराकडं गेला. आणि गाडी मीच चालवत होतो.