समासातला बारका

पुस्तकाच्या समासात लिहिलं म्हणून माणसाला वाचनालयाबाहेर काढतात, हे मी गोंदियात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इंग्रज जाणार, जाणार म्हणत होते तेव्हाची गोष्ट. व्यासपीठावर जनतेचं राज्य आलं होतं. वाचनालयाच्या खिडकीत अजून आलं नव्हतं.

माणूस शेजारच्या मुर्री गावचा, बिडी कामगार. आमच्या प्रौढवर्गात अक्षरं शिकला, आणि मी वाचनालयाच्या चिटणीसांच्या मागे लागून लागून त्याला सभासद करवून घेतलं. पुस्तक तो घरी नेत नसे, कारखान्यात नेई. तिथे रीतच पडली होती. त्याने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत ऐकत बिड्या वळायच्या, आणि त्याच्या वाटच्या बिड्याही सगळ्यांनी मिळून वळून द्यायच्या. यापेक्षा चांगलं वाचनालय मी अजून पाहिलेलं नाही.

एके दिवशी चिटणीसांनी मला बोलावून घेतलं. धानाचे व्यापारी ते. कार्यकारिणीतले एक वकीलही बसले होते. टेबलावर त्याने नुकतंच परत केलेलं काटकसरीवरचं एक जाडजूड पुस्तक उघडं होतं.

"बघा तुमच्या लोकांचे प्रताप," चिटणीस म्हणाले. "पानापानावर गिरवून ठेवलंय. त्याचं नाव काढलं आम्ही. यापुढे बिडीवाल्यांना पुस्तक बाहेर नाही. वाचायचं तर इथे बसून वाचावं."

इथे म्हणजे दिवसा, जेव्हा त्यांचे हात तेंदूपत्त्यात असतात. चिटणीसांना हे चांगलं ठाऊक होतं.

मी पुस्तक पुढे ओढलं. गरिबी आळसातून जन्मते, असं छापलेलं होतं. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खोटं. लेखकाने एक दिवस चिखलात उभं राहून धान रोवून दाखवावा.' रोज थोडं थोडं वाचवावं, या उपदेशाच्या कडेला एकच शब्द, 'कशातून?'

अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. माझं होतं. शाळेत असताना वडिलांच्या नावावर आणून मी हे पुस्तक वाचलं होतं आणि साफ विसरलो होतो. त्या पोराचं एकही मत मला खोडावंसं वाटलं नाही.

"हे मी लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

चिटणीसांनी पान पुन्हा पाहिलं. "तुम्ही? मग आधी नाही का सांगायचं. टिपणं आहेत ही. अभ्यासू मुलं करतात."

"लहानपणापासून तिखटच म्हणायचे," वकील हसले.

पेन्सिल तीच, ओळ तीच. बिडीवाल्याची होती तोवर नासधूस, माझी ठरली की अभ्यास. मी म्हटलं, मग त्याचं नाव परत घाला.

"ठराव होऊन गेला. पुढल्या महिन्यात सभा आहे, तेव्हा पाहू. शिवाय पानांना तंबाखूचा वास येतो हो."

वास येतो म्हणे. या गावातल्या कितीतरी माड्या त्याच वासावर चढल्या आहेत.

पुस्तक माझ्या नावावर घेतलं आणि तसाच कारखान्यात गेलो. घडलं ते सांगितलं, तर तो माणूस हसायलाच लागला.

"भाऊ, ते कडेचं तुमचं हाये काय? आमाले वाटलं, पुस्तकच तसं छापलं हाये. एक मोठा बोलते, मंग एक बारका त्याले कापते. मी दोघायचंबी वाचून राहिलो होतो."

"मोठा लय लांबण लावते," कोपऱ्यातली म्हातारी हात न थांबवता म्हणाली. "आमी म्हणो, बारक्याचं वाच. पण अर्ध्या पुस्तकात तो चूप काऊन झाला जी? मेला काय?"

"कंटाळून पुस्तक मिटलं असेल त्याने."

"मेला नाही, तं बोलाले पायजे होतं," ती म्हणाली.

मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "घे. माझ्या नावावर आणलंय. आता कोणी अडवत नाही."

त्याने हात पुढे केला नाही. "तुमच्या नावानं मी काऊन वाचू? मी चोरी केली काय?"

हक्कांवर पत्रकं छापणारा मी, त्याच्यासाठी मेहेरबानी घेऊन आलो होतो. त्याने सुपात पानं, तंबाखू, कैची टाकली आणि सूप काखेत मारून सरळ वाचनालय गाठलं. मी मागे मागे.

"माझं नाव लिवा," त्याने खिडकीत सांगितलं.

"सभा पुढल्या महिन्यात आहे," आतून चिटणीस म्हणाले.

"बरं जी. बसतो." आणि पायरीवर मांडी घालून त्याने बिड्या वळायला घेतल्या.

चिटणीस बाहेर आले. "याला समजवा, भाई."

"तुम्ही समजवा," मी म्हटलं. "समजूतदारपणाची सगळी पुस्तकं तुमच्याच कपाटात आहेत."

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली, आणि तिच्यामागून कारखान्यातल्या बाकीच्या बायका आपापली सुपं घेऊन. पायरीवर जागा उरली नाही. वकिलांना धोतर सावरत, सुपं ओलांडत आत जावं लागलं. पुढल्या महिन्यातली सभा त्याच आठवड्यात भरली.

त्याचं नाव पुन्हा लिहिलं गेलं. पुढे शेरा मारला, 'खास बाब म्हणून'. बाकीच्या बिडीवाल्यांना बंदी कायम. त्या तीन शब्दांवरून आमचं भांडण चालूच राहिलं, आणि सुपं काही पायरीवरून उठली नाहीत.