दोन बोटं आखूड

जळक्या लाकडावर पाणी पडल्याचा वास आला की मला कोंडाण्याचा तो गाडीवान आठवतो. कॉलेजच्या सुटीत मी कळंबला घरी आलो होतो आणि त्याच्या गाडीच्या चाकावर नवी लोखंडी धाव चढवायची होती. गावाचा लोहार असलेला माझा बा तापाने अंथरुणावर पडलेला. "तूच बसव रं, एवढा शिकलेला हायस," तो कौतुकाने म्हणाला. मी चाकाचा घेर गणिताने काढला आणि धावेची पट्टी बरोबर तेवढीच कापून तिचं कडं जोडलं. शेजाऱ्यांच्या मदतीने लालबुंद धाव चढवली, लाकूड धुरावलं, आम्ही पाणी ओतलं. चौथ्या दिवशी उतारावर धाव निसटली, गाडी कलंडली आणि गाडीवानाचा पाय तिच्याखाली चिरडला. ऐकून बा उठून बसला. "घेरापेक्षा दोन बोटं आखूड ठेवायची रं! लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आवळतं. कॉलेजात ह्ये शिकवलं नाय?" शिकवलं होतं. परीक्षेत मी तो नियम उदाहरणासकट लिहिलाही होता. मग बा म्हणाला, "तुला भट्टीजवळ येऊ दिला नाय, माजीच चूक." आता मी मास्तर आहे. दरवर्षी तोच नियम फळ्यावर लिहितो आणि पोरं मुकाट्याने उतरवून घेतात, मी घेतला होता तसाच.