आधी भिंतीला हात

कुठल्याही घरात शिरलं की मावशी आधी भिंतीला तळहात लावायच्या. खाटेवर मूल कण्हत असलं तरी. हात क्षणभर तसाच ठेवून म्हणायच्या, "वली हाय." मग पोराच्या कपाळाला हात.

सांगलीत नाल्याकाठच्या वस्तीत त्या आरोग्य खात्याच्या, घरोघरी फिरणाऱ्या आशाताई होत्या आणि मी दवाखान्यातली नर्स. सुरुवातीला मला या सवयीचं हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं. एकदा मी म्हटलंही, मावशी, ताप पोराला आहे, भिंतीला नाही.

"शिस्टर, औशिद तुमी पोराला देताय," त्या म्हणाल्या. "आजारी भित हाय."

मावशी मूळच्या म्हसवडच्या. तिकडे पाण्याची मारामार, भिंती वर्षभर कोरड्या. लग्नानंतर नवऱ्याच्या हमालीपायी त्या सांगलीला आल्या, पत्र्याच्या खोलीत राहिल्या. तिथल्या ओलीत त्यांची तीन वर्षांची मुलगी खोकत खोकत गेली. पुढं नवराही गेला. हे त्यांनी एकदाच सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत पुढच्या घराकडे चालू लागल्या.

एका पावसाळ्यात वस्तीतल्या बांधकाम मजुराची दीड वर्षाची मुलगी सारखी आजारी पडू लागली. औषधानं चार दिवस बरी, पाचव्या दिवशी छाती पुन्हा घरघरायची. खोलीला खिडकी नाही, आतच चूल, भिंतीतून नाल्याचं पाणी पाझरणारं. वजन वाढेना. इस्पितळातून तिसऱ्यांदा घरी सोडलं तेव्हा मावशी तिच्या आईला म्हणाल्या, "आता त्या खोलीत न्हाई न्यायची. माज्याकडं चल."

मावशींची खोली माडीवर होती. लहानशी, पण उन्हाची. मायलेकी तिथं दोन महिने राहिल्या. मी तपासायला गेले की मावशी भरल्या घरातल्या बाईसारख्या सांगत सुटायच्या. आज तिनं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आज कठडा धरून उभी राहिली. पोरीची छाती मोकळी झाली. ती त्यांना 'आऊ' म्हणू लागली होती. हे तर त्यांनी मला एकाच भेटीत तीनदा सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास बापाला पुण्याकडे काम लागलं. मावशी लसीकरणाला गेल्या असतानाच मुकादमाचा टेम्पो आला आणि ते कुटुंब निघून गेलं. थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. संध्याकाळी मी गेले तेव्हा मावशी दारात बसल्या होत्या. फोन बंद लागतोय, म्हणाल्या. मग विचारलं, "तितं खोली कसली आसंल, शिस्टर?"

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या म्हसवडला भावाकडे गेल्या. महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. पोरीचं काही कळलं का, एवढंच विचारायचं असायचं. पहिल्यांदा मी नाही म्हटलं. त्यानंतरची त्यांची शांतता मला ऐकवेना. पुढच्या खेपेला मी खोटं बोलले. तिची आई येऊन गेली, वजन वाढलंय, चांगल्या खोलीत राहतात. मग दर महिन्याला त्यात थोडी भर घालत गेले. पोरगी अंगणवाडीत जाते. गाणी म्हणते.

यंदा दोन महिने फोन आला नाही, म्हणून मी केला. त्यांचा भाचा बोलला. आत्या गेली, म्हणाला. शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होती, माझी नात तिकडे बरी आहे म्हणून.

"त्या नातीला कळवायला पायजे," तो म्हणाला. "तिचा पत्ता द्या की."

बघून सांगते, असं मी म्हटलं.