डाव्या सीटसाठी

गाडीत स्पीकर बसवून देणारे नागपुरात पैशाला पासरी. तुमच्या इवल्याशा गाडीत ते असा धडधडाट भरून देतील की मागची नंबरप्लेट गळून पडावी. पोरांनाही तेच हवं असतं. सुशील धोटेकडे कुणी असलं काही मागायला गेलं, तर तो सरळ शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. सावनेरच्या शेतकऱ्याचं पोरगं. शेती भावावर टाकून नागपूरला लागून असलेल्या वाडीला आलं, अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत एक शटर भाड्यानं घेतलं आणि तिथंच त्याचे केस पिकले. हट्टी माणूस. आपलं तेच खरं करणारा. कामात हा हट्ट फळला, घरात नडला.

काम मात्र बघत बसावं असं. दार खोलून कंपनीचा कागदी स्पीकर काढायचा, दाराच्या पत्र्याला आतून जाड शीट चिकटवून त्याची खडखड बंद करायची, मग नवा स्पीकर दारात, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर आरशाजवळच्या कोपऱ्यात, आणि सीटखाली एक लहानसा अँप्लिफायर. इथवर कुणीही करील. खरं काम यापुढं. गाडीत माणूस मधोमध थोडाच बसतो? एका बाजूचा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, दुसरा पार पलीकडे. जवळचा आवाज आधी पोचतो, लांबचा मागून येतो, आणि गाणारी बाई दाराला चिकटून गातेय असं वाटतं. मग लॅपटॉप जोडून जवळच्या स्पीकरला किंचित थांबवायचं. नीट जमलं की बाई समोर, डॅशबोर्डच्या मधोमध येऊन गाते. पण हे जमतं एकाच सीटसाठी. म्हणून कोणत्या सीटसाठी लावू, हा सुशीलचा पहिला प्रश्न असायचा. आणि गिऱ्हाईक, बायकोला शेजारी घेऊन आलेलं असलं तरी, ड्रायव्हरच्याच सीटचं नाव घ्यायचं.

शेवटची पारख करायला त्याला दुसरा कान लागायचा. तो कान त्याच्या लेकीचा, पायलचा. एकुलती एक. शाळा सुटली की ती दुकानात यायची, चप्पल काढून गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायची आणि डोळे मिटायची. सुशील त्याचं ठरलेलं गाणं लावायचा, नुसत्या तंबोऱ्यावर एका बाईनं गायलेलं. पायल आतून सांगायची, बाई काचेवर बसली, बाई खाली पायाशी गेली, आता मधात आली. मधात आली म्हटलं की काम संपलं. तिचं कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी रविवारी ही पारख चुकली नाही. सुशीलच्या स्वतःच्या जुन्या गाडीत आवाज डाव्या सीटसाठी लावलेला होता. चालवणारा तो, पण ऐकणारी ती. लेकीवर इतका जीव असलेला बाप वाडीत दुसरा नसेल.

आणि त्याच लेकीनं प्रशिकचं नाव काढलं. पोरगा पॉलिटेक्निकात शिकवणारा, सुपारीचंही व्यसन नाही, बोलायला मऊ. खोट काढायची तर एकच निघाली आणि ती काढायला सुशीलला चष्मा लागला नाही. पोरगा बौद्धाचा. झालं. सावनेरच्या भावानं फोनवर ऐकवलं की घराण्याचं नाक कापलं. नाक भावाचं होतं, लेक आपली होती, एवढा साधा हिशेब सुशीलला सुचला नाही. महिनाभर तो घरात तोंडात गुळणी धरून वावरला. पायलनं समजावलं, रडली, शेवटी लग्नाची तारीख सांगून मैत्रिणीकडे राहायला गेली.

लग्नाच्या दिवशी त्याची बायको वंदना एकटीच विहारात गेली. सुशीलनं मुद्दाम दुकान उघडलं आणि एका गाडीचं काम काढलं. दुपार व्हायच्या आत पायलचा फोन आला. बाबा, मी थांबून राहिली, पाच मिनिटं तरी या, असं ती म्हणाली. तो नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यानं काय करावं? फोन तसाच चालू डॅशबोर्डवर ठेवला, ते तंबोऱ्याचं गाणं लावलं, आवाज वाढवला, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा फोन बंद झालेला होता. पोरीनं लगेच ठेवला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दोन वर्षं गेली. वंदना अधूनमधून मनीषनगरला लेकीकडे जायची आणि आल्यावर तिकडचं अक्षरही बोलायची नाही. फक्त आपला फोन, लेकीचे फोटो उघडे ठेवून, टेबलावर टाकायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. सुशील फोटो बघायचा. पश्चात्ताप म्हणावा तर तो जेवताना, झोपताना त्याच्या सोबतच असायचा, अन्न गोड लागत नव्हतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मनीषनगरचा रस्ता त्याला माहीत होता. गाडी तिकडे वळत नव्हती.

मग एका शनिवारी दुकानापुढं एक लहान पांढरी गाडी थांबली आणि प्रशिक उतरला. फोटोतला चेहरा सुशीलनं ओळखला. त्यानं ओळखलं, हे प्रशिकलाही कळलं. तरी दोघंही गिऱ्हाईक आणि दुकानदार होऊन उभे राहिले. प्रशिक म्हणाला, कंपनीचे स्पीकर फारच पातळ वाजतात, बदलायचे आहेत. सुशीलनं दार ठोकून पाहिलं, आतला पत्रा पाहिला, आणि सवयीचा प्रश्न विचारला.

"कोणत्या सीटसाठी लावू?"

"डाव्या," प्रशिक म्हणाला.

सुशीलनं पकड उगीच खाली ठेवली, पुन्हा उचलली. "कोण बसते तिथं?"

"बायको."

"सीट मागं घेऊन बसते का? कानाचा अंदाज घ्या लागते, म्हणून विचारून राहिलो."

"पार मागं. अन् एक पाय वर घेते, मांडीखाली."

"चप्पल काढून," सुशील म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो काका. चप्पल काढून."

एवढंच बोलणं. पण त्या दिवशी सुशीलला पोरगी सापडल्यासारखं झालं. गाडी त्यानं दोन दिवस ठेवून घेतली. दुकानातले सगळ्यात चांगले स्पीकर काढले, दारं इतकी भरली की बंद होताना ठप्प असा जाड आवाज यावा. सीट पार मागं घेऊन, या वयात एक पाय मांडीखाली दुमडून तो तासन् तास डावीकडे बसला आणि पायलच्या कानानं ऐकत राहिला. बाई मधात आली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. प्रशिक गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं त्याच्या हाती ते गाणं घातलेला पेनड्राइव्ह दिला आणि पहिल्यांदा हेच लाव म्हणून सांगितलं. घरी येऊन वंदनाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिनं पुरी-भाजीचा बेत केला. पायल ऐकेल, ओळखेल, फोन करेल, रविवारी येईलही, अशी त्याची खात्री होती. आपली माफी आपण दारात स्क्रू लावून पक्की बसवली आहे, असं काहीतरी त्या वेड्याला वाटत होतं.

आठवडा सरला, तो रविवारही गेला. सोमवारी प्रशिक आला. गाडीतून उतरला आणि दाराशीच उभा राहिला.

"काढून टाका म्हणते," तो म्हणाला. कंपनीचे जुने स्पीकर त्यानं पिशवीत आणले होते.

सुशीलला आधी वाटलं, काही फाटलं असेल, खरखरत असेल. तो दाराकडे वाकला. प्रशिकनं त्याच्या दंडाला हात लावून थांबवलं.

"आवाज चांगलाच आहे, काका. गाणं सुरू झालं अन् तिनं लगेच ओळखलं, हे बाबानं लावलं म्हणे. मले वाटलं खूश झाली. तं दार उघडून उतरली, भर चौकात. म्हणे, लग्नाच्या दिवशी हेच ऐकलं होतं."

"थोडंसं ऐकलं असन तिनं," सुशील कसाबसा म्हणाला.

"पूर्ण ऐकलं. तिकडं सारे खोळंबले होते. गाणं संपल्यावर तुम्ही काही तरी बोलाल, म्हणून ती कानाले फोन लावून थांबली होती."

 सुशीलनं पिशवी घेतली आणि कामाला लागला. बसवायला दोन दिवस लागले होते, काढायला दुपारही लागली नाही. जुने स्पीकर लागले. प्रशिकनं रेडिओ लावून पाहिला, आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. चालेल, असं म्हणून त्यानं गाडी काढली. जाताना त्यानं वाकून सुशीलच्या पायाला हात लावला. जावयाला उचलून पोटाशी धरायचं, हेही त्या माणसाला वेळेवर सुचलं नाही.

त्यानं शटर ओढलं आणि भरदुपारी घरी गेला. वंदना दारातच होती. तिला लेकीचा फोन आधीच येऊन गेला होता.

"काढाले लावले वं तिनं," तो म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

"दोन वर्षं ती तुमची वाट पाहून राहिली होती," वंदना म्हणाली. "तुमची. तुम्ही गेले नाही, तुम्ही स्पीकर पाठवले."

"चल, आता जाऊ. आत्ताच जाऊ. मी पाया पडतो तिच्या."

वंदना जागची हलली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी विचारलं तिले. घेऊन येऊ का बाबाले, म्हटलं. आता नको म्हणे."