गाणं संपल्यावर अंगठा

गाणं पूर्ण संपलं की अप्पा उजवा अंगठा सदऱ्याला पुसायचे आणि मग तो अख्खा अंगठा मोबाइलच्या काचेवर दाबायचे. "झालं. दिला," म्हणायचे.

तुम्ही-आम्ही लाइक देतो ते बोटाच्या टोकानं, निम्मं गाणं ऐकून, कधी न ऐकताच. अप्पांना ते पटत नसे. लातूरच्या ज्या डाळ मिलच्या ऑफिसात मी बसते, तिथं ते चाळणीवर होते. जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि आपला फोन पुढं करायचे. "ताई, नवं पडलं का बघा."

नवं म्हणजे त्यांच्या मुलाचं गाणं. मुलगा आयटीआय अर्धवट सोडून पुण्याला गेला आणि गाणी करून यूट्यूबवर टाकू लागला. जाताना बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून बोलणं बंद.

व्हिडिओत पोरगा काळा चष्मा लावून कुणाच्या तरी गाडीला टेकून नाचायचा. "गाणं काय लई बरं न्हाई," एवढंच अप्पांचं मत. अंगठा मात्र द्यायचेच. मग मला खालच्या कमेंट वाचायला लावायचे. कुणीतरी लिहिलेलं असायचं, "भावा, नुसता जाळ!"

"जाळ म्हंजे चांगलं का वाईट ओ?"

"चांगलं, अप्पा."

"मग वाचा फुडं."

शिव्या मी गाळायचे. त्यांना ते कळायचं. "का थांबलाव?" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

एकदा मी म्हटलं, "अप्पा, खाली दोन शब्द लिहिते तुमच्या नावानं. लाइक कुणी दिलं ते त्याला दिसत नाही, नुसता आकडा दिसतो."

ते मलाच हसले. "असं कसं? रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की माझं नाव येतंय. अन् ह्यो तर एवढा मोठा मोबाइल."

"ते मशीन वेगळं, अप्पा."

"अंगठा तर माझाच हाय न्हवं?"



हळूहळू अंगठा दिल्यावर ते फोन खिशात टाकेनासे झाले. हातात धरून बसायचे. "माझं नाव बघितलं असंल त्यानं. मी अंगठा द्यायलोय, अन् त्यो एक फोन करत न्हाई. लई राग हाय त्याला." मी पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, पण विश्वास काही ठेवला नाही. आधी मला फार वाईट वाटायचं. पुढं तेही वाटेनासं झालं.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा घरीच, झोपेत गेले. कळलं तेव्हा मी बिलं करत होते. बिलं पुरी केली. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

दिवस झाल्यावर मुलगा त्यांचा डबा आणि चपला न्यायला मिलमध्ये आला. व्हिडिओतल्यापेक्षा बारीक दिसत होता. पिशवी घेऊन निघाला आणि दारातून परत फिरला.

"ताई, अप्पांनी माझं एखादं तरी गाणं ऐकलं होतं का ओ?"

"सगळी. शेवटपर्यंत. प्रत्येकाला लाइक दिलं."

त्यानं फोन काढून आपलं शेवटचं गाणं उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. खाली त्रेसष्ट लाइक होती.

"ह्यातलं अप्पांचं कुठलं?" त्यानं विचारलं.