डब्ल्यू म्हणजे जाऊन येते

दोन नंबरच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले आहे. कॉलेजात नाव घालायचं, काढायचं, वर्ग बदलायचा, सगळं या खिडकीतून. आता लोक हे घरबसल्या कॉम्प्युटरवर करतात आणि माझ्याकडे येतात ते बाथरूम कुठे आहे ते विचारायला. पण पूर्वी ऑगस्टात रांग पार पार्किंगपर्यंत जायची, बाहेर अंडं तळलं जाईल असं ऊन. त्या रांगेत ओतिलिया बारागान मला पहिल्यांदा दिसली. जिला घाई होती तिला पुढे सोडून ती स्वतः मागे सरकत होती. असं तिनं चार जणींना पुढे सोडलं.

वय तेव्हा चव्वेचाळीस. गावाबाहेरच्या संत्र्यांच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून फळं निवडायची, पहाटे पाच ते दुपारी दोन. माझे आईबाप तिच्यासारखेच मेक्सिकोतल्या मिचोआकानहून इथे कॅलिफोर्नियात द्राक्षं तोडायला आलेले, त्यामुळे आम्ही आमच्याच स्पॅनिशमध्ये बोलायचो. मी तिला मानानं दोन्या ओतिलिया म्हणायची, ती मला पोरी.

"काय व्हायचंय, दोन्या?"

"नर्स. गावाकडे मी सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची गं. डॉक्टर लिहून द्यायचा आणि टोचायला माणसं माझ्या दारात. पोरं रडायची नाहीत. हाताला गुण आहे म्हणायचे."

"आणि इथे?"

"इथे परवाना लागतो. तो नसताना टोचलं तर गुन्हेगार." ती हसली. "म्हणून म्हटलं, परवाना घेऊन टाकू."

एवढंच तिला हवं होतं. नर्सिंगच्या वर्गाला बीजगणित पास असावं लागे, आणि बीजगणितात कुठून सुरुवात करायची ते एक चाचणी ठरवायची. तिनं माझ्या खिडकीशेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर ती दिली. चाचणीला वेळेचं बंधन नव्हतं, दिवसभर बसलं तरी चालायचं. ती पंचवीस मिनिटांत बाहेर आली.

"झालं सुद्धा?"

"मागे लोक उभे होते ना. मशीन अडवून कशी बसणार?"

शेडमधली सवय ती. पट्टा थांबवायचा नाही, जागा अडवायची नाही, मागच्याला खोळंबा नको. मागचे लोक चाचणीला नव्हे, ओळखपत्राच्या फोटोला उभे होते, आणि हे मी त्या खोलीच्या दारावर लिहून लावलं असतं तर बरं झालं असतं. निकाल आला तो तळाचा. बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात, तिथून बीजगणितापर्यंत तीन पायऱ्या, एकेक पायरी एकेका सत्राची. चाचणी परत देता येत नव्हती, नियम.

पहिल्या दोन पायऱ्या तिनं झपाझप चढल्या. दोन्हीला ए. तिसरीवर, बीजगणितावर, गाडी अडली. तिसऱ्या महिन्यात शेडनं तिला संध्याकाळच्या पाळीत टाकलं आणि वर्ग संध्याकाळचाच. ती माझ्याकडे आली.

"नुसतंच जायचं बंद करावंसं वाटत नाही गं. बरं दिसत नाही. सांगून सवरून सोडायची काही रीत असेल ना?"

रीत होती. फॉर्म भरला की निकालपत्रावर गुणांच्या जागी डब्ल्यू पडतो. वर्ग सोडला, एवढाच अर्थ.

"यानं काही बिघडतं का?"

"काही नाही, दोन्या. गुणांत धरत नाहीत. पुन्हा नाव घाला."

हे माझे शब्द. मला ते बोट ठेवून दाखवता येतील, इतके पाठ आहेत.

तिनं त्या अक्षराकडे पाहिलं. आमच्या भाषेत डब्ल्यू जवळजवळ नाहीच, पाहुण्यासारखा येतो. "हे तर दोन व्ही आहेत," ती म्हणाली. "बोय इ बुएल्वो." म्हणजे जाऊन येते. आमच्याकडे घरातून निघताना हेच म्हणतात आणि लिहिताना दोन्ही शब्द व्हीनंच सुरू होतात. मला इतकं हसू आलं की शेजारच्या खिडकीतली बाई वाकून बघायला लागली. तेव्हापासून खिडकीतून निघताना ती दर वेळी हात उंच करून म्हणायची, "बोय इ बुएल्वो, पोरी."

दुसरा डब्ल्यू तिच्या नवऱ्याच्या पाठीच्या ऑपरेशनचा. तिसऱ्या वेळेस मात्र ती खरंच चमकली. बीजगणिताचे बेड्रोसियन सर स्वतः मला कॅन्टीनमध्ये म्हणाले, "तुमच्या त्या संत्रीवाल्या बाई माझ्या वर्गात पहिल्या आहेत." सोळा आठवड्यांचं सत्र, बारावा आठवडा चालू होता. आणि गावाकडे तिची आई वारली.

ती बसच्या तिकिटासकट खिडकीशी आली. गेलेल्या माणसासाठी नऊ दिवसांची जपमाळेची प्रार्थना, मग आईचं घर आवरायचं, तीन आठवडे तरी जाणार. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले.

"माझी खुर्ची उगीच अडकून राहायला नको," ती म्हणाली. "वेटिंगमध्ये कोणी असेल त्याला देऊन टाक."

बाराव्या आठवड्यात कोणती वेटिंग आणि कोणाला देणार होते मी खुर्ची? हे मला कळत होतं. खालच्या खणात एक पिवळा फॉर्मही होता, 'अपूर्ण' नावाचा. मास्तरांची सही आणली की राहिलेल्या चार आठवड्यांचं काम वर्षभरात कधीही पुरं करता येतं, नाव निघत नाही. बेड्रोसियन सरांनी डोळे मिटून सही केली असती. पण तो फॉर्म समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. रांगेत बावीस माणसं होती, मी मोजली होती, आणि मला भूक लागली होती. मी नेहमीचा फॉर्म सरकवला. तिनं सही केली, मी शिक्का मारला.

"बोय इ बुएल्वो," ती रडत रडत म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात वरून नवा नियम आला. एका विषयाला तीनदाच बसता येईल, आणि डब्ल्यू म्हणजेही एक बसणं. मागचे सगळे डब्ल्यू धरून. ऑगस्टात ती नव्या वह्या घेऊन आली, मी तिचा नंबर टाकला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. मी तीन वेळा टाकून पाहिला. जणू बोटांचीच चूक असावी.

सवलत मागायला अर्ज केला. तिचा अर्ज मीच लिहिला, माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. पाळी बदलल्याचं पत्र शेडनं दिलं नाही, पण ऑपरेशनचे कागद होते, आईचा मृत्यूचा दाखला होता. महिन्यानं समितीचं उत्तर आलं. विद्यार्थिनीने तिन्ही वेळा योग्य फॉर्म भरून स्वेच्छेने वर्ग सोडला आहे, सबब अर्ज नामंजूर.

ती ते पत्र घेऊन खिडकीशी उभी राहिली. "स्वेच्छेने म्हणजे काय गं?"

"म्हणजे... तुमच्या मनानं."

"माझ्या मनानं," ती म्हणाली. पत्राची घडी तिनं नीट नखानं दाबून घातली. दुसरं कॉलेज हायवेनं तासभर लांब, संध्याकाळी बस नाही, हे ती विचारून आली होती. मी म्हटलं, बघू काहीतरी. त्या दिवशीही ती जाऊन येते म्हणाली, आणि अकरा वर्षं आली नाही.

परवा आली. बरोबर नात, यारेली, अठरा वर्षांची, तिचं नाव घालायला. घरून घालता आलं असतं, पण आजीला खिडकीच हवी होती. दोन्या वाळली होती. मी विचारलं, यारेलीला गणित कोणतं? पोरगी म्हणाली, सरळ वरचं.

"आणि चाचणी?" दोन्यानं विचारलं.

"चाचणी बंद झाली, दोन्या. शाळेचे गुण बघून बसवतात. खालच्या पायऱ्याही काढून टाकल्या. बीजगणिताचा तो वर्गच राहिला नाही."

"मग मी चढले त्या पायऱ्या..." ती म्हणाली.

मी घाईघाईनं तिचा जुना नंबर टाकला. तो मला पाठ होता. लाल पट्टी नव्हती. विषयच गेला तर बंदी कशाची राहणार! मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. "दोन्या, मोकळं आहे! आज, आत्ता नाव घालू. दीड-दोन वर्षांत नर्सिंगला!"

तिनं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. वर्षानुवर्षं थंडगार संत्री निवडून बोटांचे सांधे गाठाळले होते, उजव्या हाताची तीन बोटं मिटतच नव्हती.

"यात आता सुई राहत नाही," ती म्हणाली. "कालच नातीकडून बटण लावून घेतलं."

यारेली जमिनीकडे बघत होती. मला राहवलं नाही. इतकी वर्षं दडवलेलं मी बोलून टाकलं. "दोन्या, तुमची आई गेली तेव्हा खालच्या खणात एक दुसरा फॉर्म होता."

"पिवळा," ती म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बेड्रोसियन सर बाजारात भेटले होते, त्याच वर्षी. म्हणाले, मी तर तुमच्या त्या कागदाची वाट बघत होतो."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या का नाही घातल्यात?"

"तुझ्यापुढे केवढी रांग होती गं त्या दिवशी."

तिनं नातीची पावती घेतली आणि बाजूला सरली, मागच्याला वाट करून द्यायला. मागे कोणीच नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघत होते, तो वर होतो का म्हणून.

"जाते, पोरी," ती म्हणाली.

पुढचा शब्द आला नाही. दार बंद होईपर्यंत मी वाट पाहिली.